बुद्धिबळाचा पट आणि पोटाचा प्रश्न

सन २०२५ च्या जुलै महिन्याची २८ तारीख विदर्भातील मुलामुलींनी व त्यांच्या पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या जॉर्जिया देशातील बातुमी नगरात नागपूरची कुमारी दिव्या देशमुख हिने महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकला. आणि त्याच विजयाने ती 'ग्रँडमास्टर' या बुद्धिबळातील श्रेष्ठ पदवीची अधिकारी झाली. त्या वेळी तिचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. पुढे थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्ट रोजी, नागपुरात तिचा जाहीर सत्कार झाला व महाराष्ट्र शासनाने तिला तीन कोटी रुपयांचे पारितोषिक दिले.

ही वार्ता आमच्या कोरपना तालुक्यातही पोहोचली, आणि तिच्यामागोमाग दोन प्रकारचे उद्गार ऐकू येऊ लागले. कोणी म्हणू लागले, "एका खेळात जर एवढे द्रव्य मिळते, तर आपल्या मुलासही उद्यापासून पटावर बसवावे." दुसरे म्हणू लागले, "हे सारे शहरातल्या सुखवस्तु लोकांचे चोचले. आपल्या पोराने पुस्तक सोडून प्यादी सरकवीत बसावे काय? त्याने का पोट भरणार आहे?" आमच्या मते हे दोन्ही उद्गार उतावळेपणाचे आहेत. पहिल्यात केवळ फळाकडे दृष्टी आहे, मुळाकडे नाही. दुसऱ्यात मुळाशी जाऊन पाहण्याचीच तयारी नाही. यास्तव बुद्धिबळाचा व्यवसाय म्हणजे काय, त्यात काय पडते व काय मिळते, आणि आमच्यासारख्या आडवळणाच्या तालुक्याने त्यातून कोणता बोध घ्यावा, याचा थोडा शांतपणे विचार करणे इष्ट आहे.

प्रथम ग्रँडमास्टर ही पदवी कशी मिळते ते पाहू. बुद्धिबळाची जागतिक संघटना, जिला संक्षेपाने 'फिडे' म्हणतात, ती १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाली. या संघटनेने ग्रँडमास्टर ही पदवी रीतसर देण्यास १९५० साली आरंभ केला व पहिल्या वर्षी ती सत्तावीस खेळाडूंस दिली. पुढे तिचे नियम ठरत गेले. आज खेळाडूच्या बळाचे मोजमाप 'रेटिंग' नावाच्या अंकाने होते. ग्रँडमास्टर होऊ इच्छिणाऱ्याचे रेटिंग केव्हा तरी २५०० पर्यंत पोहोचले पाहिजे. शिवाय त्याने साधारणतः तीन 'नॉर्म' मिळविले पाहिजेत. नॉर्म म्हणजे मोठ्या स्पर्धेत गाठलेली नेमस्त पातळी. परदेशी खेळाडू व ग्रँडमास्टर ज्यात पुरेशा संख्येने आहेत अशा, किमान नऊ डावांच्या स्पर्धेत २६०० रेटिंगच्या तोडीचा खेळ करून दाखविला, तरच एक नॉर्म पदरी पडतो. म्हणजे एखादे दिवशी नशिबाने जिंकून ही पदवी मिळत नाही. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांसमोर, पुनःपुन्हा कसोटीस उतरावे लागते.

काही थोड्या स्पर्धा मात्र अशा आहेत की, त्या जिंकणाऱ्यास पदवी थेट मिळते. महिलांचा विश्वचषक ही त्यांतील एक होय. दिव्याजवळ त्यापूर्वी एकही नॉर्म नव्हता. ज्या एका विजयाने सारे काही मिळते तो विजय तिने मिळविला. भारतात पहिला ग्रँडमास्टर १९८८ साली विश्वनाथन् आनंद यांच्या रूपाने झाला. महाराष्ट्रातील पहिले ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे हे १९९७ साली झाले. दिव्या ही भारतातील अठ्ठ्याऐंशीवी, आणि स्त्रियांमध्ये कोनेरू हम्पी, द्रोणवल्ली हारिका व आर. वैशाली यांच्यामागून चौथी होय. एकशे चाळीस कोटींच्या देशात सदतीस वर्षांत अठ्ठ्याऐंशी! ज्या पालकांस आपले मूल वर्षा-दोन वर्षांत ग्रँडमास्टर होईल अशी आशा वाटते, त्यांनी हा आकडा एकवार मनात घोळवावा.

आता दिव्याचा मार्ग पाहू. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. थोरली बहीण बॅडमिंटन शिकावयास जात असे, तिच्याबरोबर हीही गेली. परंतु वय पाच वर्षांचे व उंची बेताची, त्यामुळे तो खेळ काही जमेना. त्याच इमारतीत बुद्धिबळाचा वर्ग चाले. तेथे ती बसू लागली, आणि बसली ती बसलीच. २०१२ साली तिने सात वर्षांखालील मुलींचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. २०१४ साली दहा वर्षांखालील व २०१७ साली बारा वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद तिच्याकडे आले. २०२२ साली ती राष्ट्रीय महिला विजेती झाली, २०२३ साली आशियाई विजेती झाली, आणि २०२४ साली गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा तिने अकरांपैकी दहा गुण घेऊन जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्ट येथे ऑलिंपियाड भरले. त्यात भारताच्या महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक मिळविले, व तिसऱ्या पटावर अकरा डावांत साडेनऊ गुण मिळवून दिव्याने वैयक्तिक सुवर्णही घेतले. त्या महिला संघाचे कप्तान पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, आणि त्याच वेळी सुवर्ण जिंकणाऱ्या खुल्या गटाच्या संघात नाशिकचे विदित गुजराथी होते, हेही मराठी वाचकांस सांगितले पाहिजे.

वाचताना ही यादी सरळ वर चढत गेलेल्या जिन्यासारखी दिसते. परंतु या दोन तारखांमधल्या वर्षांत काय घडले असेल याची कल्पना करावी. रोजचे कित्येक तास पटासमोर. मोठ्या खेळाडूंच्या डावांचा अभ्यास. हरलेल्या प्रत्येक डावाची उकल. परक्या देशांतील अनोळखी खोल्या. आणि बरोबर आई. दिव्याचे प्रारंभीचे गुरू राहुल जोशी २०२० साली ऐन चाळिशीत वारले. आपली शिष्या ग्रँडमास्टर व्हावी ही त्यांची इच्छा होती. पदवी मिळाल्यावर दिव्याने तो विजय त्यांच्या स्मृतीस वाहिला. ज्याने पहिली अक्षरे गिरवून घेतली त्याचे नाव शिखरावर पोहोचल्यावर घ्यावे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी त्या विजयाइतकीच मोलाची मानावी.

बातुमीची स्पर्धा तर धैर्याची परीक्षाच होती. एकंदर १०७ खेळाडू होत्या; जी हरली ती घरी गेली, असा स्पर्धेचा नियम. दिव्याने चीनच्या झू जिनर हिला हरविले. उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच देशाच्या हारिका यांना जलद डावांत मागे टाकले. उपांत्य फेरीत समोर चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी होती. त्यातील निर्णायक डाव १०१ चालींचा झाला. एकशे एक चाली! शाळेतील तीन-चार तासिका सलग बसल्यावर ज्यांचे मन खिडकीबाहेर धावू लागते, त्यांनी या अंकाकडे लक्ष द्यावे. अंतिम फेरीत कोनेरू हम्पी या अडतीस वर्षांच्या, दोन वेळा जलद बुद्धिबळाच्या जगज्जेत्या ठरलेल्या खेळाडूशी गाठ पडली. दोन मुख्य डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव लावण्यात आले. त्यांतील पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन दिव्याने विजय मिळविला. जिंकल्यावर ती हसली नाही. आईच्या गळ्यात पडून रडली. चौदा वर्षांचे ओझे एकाएकी उतरले म्हणजे असेच होत असावे.

नागपुराने याआधीही दोन ग्रँडमास्टर दिले आहेत. रौनक साधवानी हा २०१९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षात, या पदवीस पोहोचला. संकल्प गुप्ता याने २०२१ साली सर्बिया देशात राहून अवघ्या चोवीस दिवसांत तिन्ही नॉर्म पुरे केले. चोवीस दिवस हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु सर्बियात जाऊन राहावयास, लागोपाठ स्पर्धा खेळावयास आणि त्याआधी तेवढे बळ कमावण्यास जे लागले, ते चोवीस दिवसांत मावणारे नव्हते.

येथे द्रव्याचा प्रश्न येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बुद्धिबळास मैदान लागत नाही, गणवेश लागत नाही, पाऊस आडवा येत नाही. पट व मोहरी थोडक्या पैशांत मिळतात. म्हणून हा गरिबांचा खेळ आहे, असे म्हणण्याची चाल आहे. खेळ गरिबांचा आहे हे खरे. परंतु व्यवसाय गरिबांचा नाही. चांगला गुरू, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, रेल्वेचे व विमानाचे भाडे, परगावचा मुक्काम, बरोबर जाणाऱ्या पालकाची बुडालेली मिळकत, या साऱ्यांची बेरीज मोठी होते. कोनेरू हम्पी यांचे वडील कोनेरू अशोक यांनी मुलीला शिकविण्यासाठी अध्यापनाची नोकरी सोडली. २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूर येथे अठराव्या वर्षी जगज्जेता झालेला चेन्नईचा डी. गुकेश याच्या वडिलांनी काही काळ आपला डॉक्टरीचा व्यवसाय बाजूस ठेवला. घर आईच्या मिळकतीवर चालले, आणि मित्रमंडळींनीही हातभार लावला. म्हणजे एका मुलाच्या पटामागे सबंध घर उभे होते.

ज्याच्यामागे असे घर नसते, त्याचे काय होते, हे सुलतान खान यांच्या चरित्रावरून कळते. हे मूळचे पंजाबातील. सर उमर हयात खान या जमीनदारांच्या आश्रयाने ते १९२९ साली विलायतेस गेले. देशी पद्धतीचा खेळ येत होता, युरोपीय नियम मात्र नव्याने शिकावे लागले. तरीही त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. एवढेच नव्हे, तर माजी जगज्जेते कापाब्लांका यांनाही एका डावात हरविले. पुढे आश्रयदाते स्वदेशी परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले, आणि ती कारकीर्द तेथेच संपली. १९६६ साली ते वारले. ग्रँडमास्टर ही पदवी फिडेने त्यांना सन्मानार्थ दिली ती २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी! त्यांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. परंतु मार्ग दुसऱ्याच्या हाती होता, आणि तो दुसरा वळला तेथे यांनाही वळावे लागले. आमच्या रानावनाच्या जिल्ह्यात असे किती सुलतान खान पटाचे दर्शनही न घेता शेतात, खाणीत व कारखान्यात आयुष्य काढीत असतील, हे कोण सांगणार?

आता मिळकतीकडे वळू. बातुमीच्या विजेतीस पन्नास हजार डॉलर व उपविजेतीस पस्तीस हजार डॉलर इतके बक्षीस होते. परंतु ही शिखरावरची गोष्ट झाली. जसजसे खाली उतरावे, तसतशी बक्षिसे झपाट्याने आटत जातात, आणि सामान्य स्पर्धेत मधल्या क्रमांकावर येणाऱ्याचे प्रवासभाडेही पुष्कळदा सुटत नाही. म्हणून बहुतेक व्यावसायिक खेळाडू एकाच मिळकतीवर अवलंबून राहत नाहीत. काहींना सार्वजनिक कंपन्यांत नोकरी मिळते. हम्पी या तेल व नैसर्गिक वायू महामंडळात आणि हारिका या इंडियन ऑइलमध्ये अशाच आल्या. काही युरोपातील संघांकडून हंगामात खेळतात. पुष्कळजण शिकवितात, आणि शिकविणाऱ्यांची मागणी अलीकडे वाढली आहे. थोडक्यात, हा व्यवसाय आमच्या कापसाच्या शेतीसारखा आहे. एखादे साल भरभराटीचे जाते, एखादे कोरडे जाते. आणि ज्याच्याजवळ दोन कोरडी साले निभावून नेण्याची सोय नाही, त्याने सगळे रान एकाच पिकाखाली आणू नये. ही गोष्ट कोरपन्याच्या शेतकऱ्यास निराळी शिकवावयास नको.

येथून आम्ही त्या प्रश्नाकडे येतो, जो पालकांच्या मनात खरोखर घोळत असतो: मुलाने खेळासाठी शाळा सोडावी काय? गुकेश याची नियमित शाळा चौथीनंतर थांबली, हे खरे आहे. परंतु एका जगज्जेत्याच्या उदाहरणावरून सर्वांसाठी नियम करू नये. ज्यांची शाळा सुटली आणि पटानेही हात दिला नाही, त्यांचे चरित्र कोणी लिहीत नाही. याच्या उलट उदाहरणेही आहेत. आनंद यांनी चेन्नईच्या लोयोला महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली. सत्तावीस वर्षे जगज्जेतेपद राखणारे इमान्युएल लास्कर हे गणिताचे डॉक्टर होते. १९३५ साली जगज्जेते झालेले हॉलंडचे मॅक्स युवे हे तर ॲमस्टरडॅम येथील मुलींच्या शाळेत गणित शिकविणारे शिक्षक होते! वर्गातील वह्या तपासून उरलेल्या वेळात त्यांनी पटाची आराधना केली असली पाहिजे.

तेव्हा आमचे मत असे आहे. दहावीपर्यंत कोणत्याही मुलाची शाळा खेळासाठी सुटू नये. अपवाद करावयाचाच तर तो तीन गोष्टी एकत्र असल्यावाचून करू नये: मुलाने राज्याच्या व देशाच्या स्पर्धांत आपले बळ प्रत्यक्ष सिद्ध केलेले असावे, जाणत्या गुरूने, ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही, तसा सल्ला दिलेला असावा, आणि मुलाची स्वतःची ओढ अशी असावी की, कोणी न सांगता तो पहाटे उठून पट मांडतो. बापाच्या महत्त्वाकांक्षेने पटावर बसविलेले मूल फार दूर जात नाही, आणि गेले तरी सुखी होत नाही. यांतील एकही गोष्ट उणी असेल, तर शाळा व खेळ ही दोन्ही बरोबरच चालू द्यावी. शाळेनेही आपल्या बाजूने थोडे लवचीक राहिले पाहिजे. स्पर्धेस गेलेल्या मुलाची हजेरी कापण्यात शिस्त दिसत असेल, पण शहाणपण दिसत नाही. बुडालेला पाठ त्यास पुन्हा शिकविणे हे शिक्षकाचे काम आहे.

आता मुलींविषयी. या विषयात महाराष्ट्राच्या मुलींचा इतिहास अभिमानास्पद आहे. राष्ट्रीय महिला अजिंक्यपदाची स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, तेव्हा पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर ही होती. तिच्या मागून जयश्री व रोहिणी या तिच्या बहिणींनी ते पद वारंवार जिंकले. १९७६ साली धाकट्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला, तेव्हा मोठा गहजब झाला. प्रकरण पुढे फिडेच्या अध्यक्षांपर्यंत गेले. ते अध्यक्ष म्हणजे वर उल्लेखिलेले युवे गुरुजीच होते. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मुलींच्या शाळेत शिकविलेल्या शिक्षकास मुलींच्या बुद्धीविषयी शंका नसावी, यात नवल नाही. रोहिणी पुढे १९८१ साली आशियातील महिलांची विजेती झाली.

परंतु दार उघडले म्हणजे सारे झाले, असे नव्हे. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील एक मोठी स्पर्धा खेळून झाल्यावर अठरा वर्षांच्या दिव्याने उघडपणे लिहिले की, प्रेक्षक पुष्कळदा मुलींच्या चालींविषयी बोलतच नाहीत. त्यांचे कपडे, केस व उच्चार यांविषयीच बोलतात. हे तिने बोलून दाखविले, हे योग्यच केले. आमच्या भागात ही गोष्ट निराळ्या रूपाने दिसते. मुलगा परीक्षेपूर्वी पटावर बसला तर "डोके चालते हो पोराचे" असे कौतुक होते. मुलगी बसली तर पाण्याची घागर व धाकट्या भावाचा पाळणा तिची वाट पाहत असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर वर्गातील मुलींचे बाक ओस पडतात. दिव्याचे आईवडील डॉक्टर होते, म्हणून ती खेळू शकली, असे कोणी म्हणेल; त्यात तथ्य आहेच. परंतु तिला मिळालेली आणखी एक गोष्ट पैशाने येत नाही. ती म्हणजे तिचा वेळ तिचा स्वतःचा मानला गेला. हे दान देण्यास डॉक्टर असावे लागत नाही. दिवसातून एक तास मुलीस कोणी हाक मारणार नाही, एवढे ठरविले, तरी तिच्या हातून कोणते काम होते ते दिसेल. मग ते पटावरचे असो, गणिताचे असो, की वाचनाचे असो.

शेवटी, आम्ही येथे प्रत्यक्ष काय करावे? कोरपन्याहून नागपूर गाठावयाचे तर चंद्रपूर ओलांडून अर्धा दिवस मोडतो. गडचांदूर व आवारपूर येथील सिमेंटच्या कारखान्यांमुळे रस्त्यांवर वर्दळ वाढली, परंतु बुद्धिबळाचा गुरू काही त्या रस्त्याने आला नाही. माणिकगडाच्या डोंगरातील गोंड-कोलाम वस्त्यांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस तर शाळा गाठणे हाच एक प्रवास असतो. म्हणून आपल्या आवाक्यात असेल तेथून आरंभ करावा.

प्रत्येक वर्गात एक पट असावा आणि मधल्या सुटीत तो उघडा असावा. आपल्याकडील जुन्या मंडळींस देशी पद्धतीचा खेळ ठाऊक असतो. त्यात प्यादे पहिल्या चालीस एकच घर पुढे जाते. त्यांच्याशी अवश्य खेळावे. परंतु स्पर्धेचे नियम निराळे आहेत, तेही नीट शिकून घ्यावेत. प्रत्येकाने एक वही ठेवून आपल्या डावाची प्रत्येक चाल लिहून काढावी. लिहिलेला डाव हाच खेळाडूचा खरा शिक्षक होय. न लिहिलेला डाव वाऱ्यावर जातो. हल्ली घरोघरी मोबाईल आला आहे व त्यावर दूरदूरच्या लोकांशी खेळता येते. जेथे गुरू नाही तेथे ही मोठीच सोय आहे. परंतु दोन-दोन मिनिटांचे डाव रात्रभर खेळत बसणे हा अभ्यास नव्हे; ते व्यसन होय. ज्या डावानंतर आपण विचार केला नाही, तो डाव न खेळल्यासारखाच समजावा. आणि वर्षाकाठी ज्या दोन-चार मुलामुलींत विशेष गती दिसेल, त्यांना चंद्रपूर-नागपूरच्या स्पर्धांस पाठविण्याचा खर्च शाळा, ग्रामस्थ व आसपासचे कारखाने यांनी मिळून उचलावा. सुलतान खान यांस एक आश्रयदाता होता, म्हणून तो वळताच सारे सरले. दहा जणांनी थोडा थोडा भार घेतला, तर एकाच्या वळण्याने कोणाचा मार्ग बंद होणार नाही.

यांतून ग्रँडमास्टर निपजेल काय? बहुधा नाही, आणि त्यात खंत करण्याजोगे काही नाही. शंभर मुले पटावर बसली, तर त्यांतील नव्याण्णव पुढे शेती, शिक्षकी, परिचारिकेचे काम, कारखान्यातील नोकरी असे काही तरी करतील. परंतु बोलण्यापूर्वी विचार करण्याची, समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्याची, आणि केलेल्या चालीची जबाबदारी दुसऱ्यावर न ढकलण्याची जी सवय त्यांना लागेल, ती कोणत्याही धंद्यात वाया जाणार नाही. पटावर पंचाला दोष देता येत नाही, पावसाला देता येत नाही, जोडीदाराला तर नाहीच. कारण जोडीदार नसतोच. आणि त्या शंभरांत एखादी खरोखरच तशी बुद्धीची निघाली, तर ती ओळखली जाईल. आज ती ओळखलीच जात नाही, आणि आमचे दुखणे ते आहे.

बालमित्रांनो, बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांतून एक रीत आहे. डाव संपला की, जिंकणारा व हरणारा हात मिळवितात, आणि पुष्कळदा तेथेच बसून मोहरी पुन्हा मांडतात. कोठे चुकले, काय खेळावयास हवे होते, हे दोघे मिळून शोधतात. ज्याने नुकताच आपला राजा कोंडला, त्याच्याचपाशी बसून शिकणे सोपे नसते. तुम्हांपैकी कोणी ग्रँडमास्टर होवो अथवा न होवो, ही एक रीत तेवढी शाळेतून घेऊन जा. आणि पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी उद्या पट मागू लागली, तर 'याने पोट भरेल काय' हा प्रश्न अवश्य विचारा. तो विचारणे हा तुमचा अधिकार आहे. मात्र पट हाती देण्यापूर्वी तो विचारू नका. आधी पट द्या, दोन वर्षे पाहा, आणि मग विचारा.